चिकूसाठी घेतलेला मदरबोर्ड

मी फार बोलत नाही, अशी माझी सासरी ख्याती आहे. लग्न होऊन बोर्डीजवळच्या या वाडीत आले तेव्हा सगळे म्हणायचे, सून शांत आहे. पुढे म्हणायला लागले, समजूतदार आहे. खरं तर मी दोन्ही नव्हते. काही बोलायचं झालं की समोरच्याला काय वाटेल हा विचार माझ्या मनात आधी येतो, आणि तो संपेपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. गप्प बसणाऱ्या बाईला कोणी खोटारडी म्हणत नाही, हा त्यातला मोठा फायदा. तो मी भरपूर घेतला. एकदा तर इतका घेतला की घरात भलताच मदरबोर्ड आला.

दोन हजार सोळा साली मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही म्हणून तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला, हॉलच्या कोपऱ्यात, मी विणलेल्या रुमालाखाली. जाताना मला बजावून गेली, "मम्मी, आठवड्यातून एकदा तरी चालू करत जा. इथली हवा खारी आहे, बंद ठेवलास तर आतून सडेल."

म्हणजे मी तो चालू केला तो कर्तव्य म्हणून. हे मी स्वतःला फार दिवस सांगत होते.

दुपारी आमचे हे चिकूचे क्रेट टेम्पोत भरून व्यापाऱ्याच्या शेडवर जातात. फळ उतरवणारी माणसं बेडण्या, म्हणजे ते जाळी लावलेले लांब बांबू, झाडाला टेकवून जेवायला घरी जातात. त्या वेळात वाडीत फक्त मी आणि कावळे. तेव्हा मी कॉम्प्युटर चालू करायचे आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे, आजारी माणसाजवळ बसतात तशी. पडद्यावर एका लाल ट्रकचं चित्र होतं. एके दिवशी मी माउस त्या ट्रकवर नेऊन बोट दाबलं.

तो ट्रक चालवायचा खेळ होता. परदेशातली गावं, लांबलचक रस्ते, आणि आपण ड्रायव्हर. या गावातून माल उचलायचा, त्या गावात वेळेवर पोचवायचा. बंदूक नाही, मारामारी नाही. पहिल्या दिवशी मी फाटकातून बाहेरसुद्धा पडू शकले नाही. दुसऱ्या दिवशी पडले आणि एका सिग्नलला जाऊन धडकले. आता हसाल, पण मला आयुष्यात स्कूटरसुद्धा चालवता आली नव्हती. ह्यांनी एकदा बोर्डीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत शिकवायचा प्रयत्न केला होता. एवढा मोकळा किनारा, समोर अख्खा समुद्र, आणि मी नेमकी उसाच्या रसाच्या गाडीवर गेले. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

पण त्या खेळात मी शिकले. बर्फात शिकले, पावसात शिकले. मागे लांब ट्रेलर लावून तो अरुंद जागेत उलटा घालायला शिकले, जे फार कठीण असतं. पांढरी लुंगी नेसलेला कोणी मुरलेला ड्रायव्हर माझ्या अंगात शिरला होता असं वाटायचं. चहाचा कप डाव्या हाताला. कोणी विचारत नाही, कुठे निघालीस. आणि माल उतरवला की पडद्यावर यायचं, उत्तम काम. घरात मला हे असं कोणी लेखी कळवलं नव्हतं.

तर असं वर्षभर चाललं. मग एका संध्याकाळी मुलीचा फोन.

"मम्मी, दुपारचं माझ्या अकाउंटवर कोण खेळतं? मला इकडे मोबाइलवर दिसतं. हिरवा ठिपका येतो, ट्रक चालू आहे म्हणून."

माझ्या हातातली कणीक हातातच राहिली. मी म्हटलं, "कोण असणार?"

हे मी खोटं बोलले का? मी नुसतं विचारलं. पण ती पलीकडे जी किंचाळली! "पप्पा? आपले पप्पा? अय्या मम्मी, पप्पा गेमर झाले?" आणि हसत सुटली. ती हसली म्हणून मीही हसले. माझा त्यातला सहभाग एवढाच.

"त्यांना सांगू नको हं मला कळलंय ते," ती म्हणाली. "लाजतील. स्वतःहून कबूल करतील तेव्हा करतील."

मी म्हटलं, "बरं."

त्यानंतर ती फोनवर ह्यांना आडून आडून टोमणे मारायची. "काय पप्पा, आज किती लांब गेली गाडी?" आणि हे सरळ मनाने सांगायचे, "आज दोन गाड्या भरल्या. एक दिल्लीकडची." तिकडे ती उशीत तोंड खुपसून हसत असणार. मैत्रिणींना तिने सांगून ठेवलं होतं की माझे पप्पा पन्नाशीला आले तरी ट्रकचा गेम खेळतात, आणि त्या सगळ्या म्हणे ह्यांच्या भक्त झाल्या होत्या. मी शेजारी बसून लसूण सोलायचे. हे फोन ठेवून म्हणायचे, "पोरीला आताशा वाडीची किती काळजी वाटते बघ." त्यांचे डोळे भरून यायचे, आणि माझ्या बोटांना लसूण झोंबायचा.

मग दोन हजार अठराच्या पावसाळ्यानंतर कॉम्प्युटर गेला. मी एका घाटात होते, वळणावर. पडदा काळा झाला आणि मागून जळका वास आला. हे त्याच वेळी दारात चपला काढत होते.

"काय जळलं गं?"

"कॉम्प्युटर."

"तू काय करत होतीस त्याच्यावर?"

आता इथे मात्र नुसता प्रश्न विचारून सुटता येणार नव्हतं. मी म्हटलं, "चिकूचे चिप्स कसे करतात, त्याचा व्हिडिओ बघत होते." आणि त्यांच्या तोंडाकडे बघून पुढे आणखी जोडलं, "रोजच बघते. शिकतेय."

ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. चिकू हा त्यांचा धर्म आहे. आपली बायको दुपारची झोप सोडून त्या धर्माचा अभ्यास करते, हे ऐकून त्यांनी चपला पुन्हा पायात सरकवल्या, कॉम्प्युटर टेम्पोत घातला आणि तडक डहाणू स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने खोलून दाखवलं. आतल्या मोठ्या हिरव्या पाटीवर गंज चढला होता आणि दोन-चार डब्या फुगल्या होत्या. "मदरबोर्ड गेला," तो म्हणाला. "किनाऱ्यावरची मशीन अशीच जातात. आता या जातीचा बोर्ड मिळणार नाही. नवीनच बांधा."

घरी आल्यावर ह्यांनी मला चिप्स करायला लावले. मी केले. ते चिप्स नव्हते, तो डिंक होता. ह्यांनी दाताला चिकटलेले तुकडे जिभेने सोडवत सगळे संपवले आणि म्हणाले, "जमतंय." त्या दिवशी मला झोप लागली नाही, असं लिहायला हवं. पण लागली. झोप मला नेहमीच लागते, वाईट फक्त सकाळी वाटतं.

आता त्या न आलेल्या कॉम्प्युटरची परिस्थिती अशी होती. ह्यांच्या मते तो माझ्या चिकू प्रशिक्षणासाठी येणार होता. मुलीच्या मते तो पप्पांच्या ट्रकसाठी. खरा कोणासाठी, ते फक्त मला माहीत होतं. आणि मला तो हवा होता. इतका की दुपारी रिकाम्या टेबलासमोर बसल्यावर बोट आपोआप एक्सलेटरचं बटण दाबायचं.

मुलीने सूत्रं हातात घेतली. सुट्टीत एका कंपनीत काम करून तिने स्वतःच्या कमाईतून प्रोसेसर विकत घेतला. नवा, आठव्या पिढीचा. मैत्रिणीच्या भावाकडून ग्राफिक कार्डही मिळवलं. दिवाळीला येईन तेव्हा जोडून देते म्हणाली. राहिला मदरबोर्ड. तो वजनाला आणि नाजूकपणाला असा की बसमधून आणायला नको, म्हणून आम्ही वापीहून घ्यायचा ठरला. फोन स्पीकरवर ठेवून ती ह्यांना समजावत होती, "पप्पा, मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं तो. प्रोसेसर त्याच्यावर, मेमरी त्याच्यावर, कार्ड त्याच्यावर. तो स्वतः काही काम करत नाही, पण तो चुकला तर बाकीच्यांचा उपयोग नाही."

"म्हणजे खुंट," हे म्हणाले.

ह्याच्यावर थोडं सांगायला पाहिजे. आमच्याकडे चिकूचं झाड बी लावून करत नाहीत. रायणीचं रोप वाढवतात, ज्याला कोणी खिरणी म्हणतं, आणि त्याच्यावर चिकूचं कलम बांधतात. खालचं मूळ रायणीचं, तो खुंट. वरची फांदी चिकूची. रायण इतकी हळू वाढते की माणसाचा जीव जातो, पण एकदा धरली की समुद्राचा वारा, खारं पाणी, दुष्काळ, काही तिला हलवत नाही. ह्यांच्या आजोबांनी बांधलेली कलमं अजून फळतात. त्यामुळे ह्यांचं शास्त्र पक्कं झालेलं. खुंट जितका जुन्या जातीचा आणि जितका मंद, तितका चांगला. भराभर वाढणारं काहीही त्यांना संशयास्पद वाटतं. माझ्या भाच्यासकट.

"खुंटच म्हणा पप्पा," मुलगी खूश होऊन म्हणाली. मग मला वेगळा फोन करून म्हणाली, "मम्मी, पप्पा किती मन लावून विचारतायत बघितलंस? आता तू लक्षात ठेव. तीनशेच्या मालिकेतलाच बोर्ड घ्यायचा. दोनशेच्या नाही. दोनशेचा सातव्या पिढीसाठी आहे. दिसायला सॉकेट सारखंच दिसतं, प्रोसेसर बसतोही, पण चालू होत नाही. म्हण बघू."

"तीनशेचा. दोनशेचा नाही."

तिने माझ्याकडून ते पाढ्यासारखं म्हणून घेतलं. मीही भांडी घासताना म्हणत राहिले.

दिवाळीच्या आधी आम्ही टेम्पो काढला. सरळ उंबरगाववरून गेलो असतो, पण ह्यांना वेवजीला एकाकडे रायणीची रोपं सांगायची होती, म्हणून तलासरीकडून निघालो. त्या माणसाच्या रोपवाटिकेचा रस्ता म्हणजे दोन कुंपणांमधली फट. परत निघताना टेम्पो उलटा काढायची वेळ आली. हे मान वळवून वळवून थकले. मी शेजारी बसले होते, आरसा दिसत होता, आणि माझ्यातला लुंगीवाला जागा झाला.

"स्टिअरिंग डावीकडे घ्या," मी म्हटलं. "आणखी. आता हळू सोडा. येऊ द्या, येऊ द्या."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ह्यांनी मुकाट्याने ऐकलं. टेम्पो थेट कुंपणात गेला आणि रायणीच्या पिशव्यांची एक अख्खी रांग आडवी झाली.

चूक माझी अशी, की ट्रेलर उलटा घालताना स्टिअरिंग विरुद्ध दिशेला वळवावं लागतं. माझं सगळं शिक्षण ट्रेलरवर झालेलं. ह्यांच्या टेम्पोला ट्रेलर नव्हता.

रोपवाला धावत आला. "काय शेठ, रोपं न्यायला आला की पुरायला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला हे कोणी शिकवलं?"

"टीव्हीवर बघितलं होतं."

"कुठला कार्यक्रम?" त्यांनी विचारलं, आणि मी खिडकीबाहेर बघू लागले. महामार्गावर मोठे मोठे ट्रेलर आमच्या शेजारून जात होते आणि मी त्यांच्याकडे अशी बघत होते, जशा बाया दुसऱ्याच्या अंगावरच्या साडीकडे बघतात.

वापीचं दुकान मोठं होतं, काचेच्या कपाटांत रंगीत दिवे लागलेले. दुकानदार गुजराती, हसतमुख. त्याने आधी माझ्याकडेच वळून विचारलं, "शुं काम माटे जोईए छे, बेन?"

कशासाठी पाहिजे. आता हा प्रश्न मदरबोर्ड घेताना पहिला येतो, हे मला मुलीने सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं. "ते..." म्हटलं. आणि हे म्हणाले, "चिकूसाठी."

दुकानदाराने एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. पण मुरलेला माणूस. "चिकू माटे? चालेल ना, फर्स्ट क्लास चालेल." आणि त्याने दोन खोके काउंटरवर ठेवले. एक नवा, तीनशेचा. दुसऱ्यावरची धूळ त्याने हळूच बाहीने पुसली. दोनशेचा.

"दोघांत फरक काय?" ह्यांनी विचारलं.

"आ नवुं छे, आत्ताच आलं. आ जूनुं, पण मजबूत. एकदम टेस्टेड."

'जुनं' आणि 'मजबूत' हे दोन शब्द ह्यांनी एका वाक्यात ऐकले आणि काम संपलं. त्यांनी जुना खोका हातात घेतला, वजन बघितलं, आणि मला म्हणाले, "नंबर मोठा म्हणून झाड मोठं होत नाही. कालचं आलेलं, त्याचा काय भरवसा? हा खुंट आपल्या हवेला टिकेल."

"आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे," मी म्हटलं. इतक्या हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

दुकानदाराने मात्र ऐकलं. "बसी जशे बेन, सॉकेट सेम छे."

बसेल. हो, बसेलच. बसतो, पण चालत नाही, हे मला पाठ होतं. "नाही" एवढा एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं की हे विचारणार, तुला काय कळतं. मग मी सांगणार, मुलीने सांगितलंय. मग हे म्हणणार, लाव तिला फोन. आणि फोन लागला की ती पहिलं वाक्य काय बोलणार, तेही मला पाठ होतं. काय पप्पा, तुमच्या ट्रकचा मदरबोर्ड मिळाला का?

"पोरीला एकदा विचारूया का?" हे स्वतःहूनच म्हणाले.

मी पर्समधला मोबाइल पर्समध्येच दाबून धरला. "रेंज नाही," मी म्हटलं. आमच्या डोक्यावर, दुकानाच्या गच्चीवर, मोबाइलचा टॉवर उभा होता.

आम्ही जुना बोर्ड घेऊन घरी आलो. वाटेत तो खोका माझ्या मांडीवर होता. मी स्वतःची समजूत घातली, की मुलीचंच काही चुकलं असेल, दुकानदार रोज विकतो, त्याला जास्त माहीत. मनातल्या मनात मी असं बोलू लागले की मला कोणी थांबवू शकत नाही.

दिवाळीला मुलगी आली. बॅग टाकली, चकलीसुद्धा तोंडात न घालता खोका मागितला. खोक्यावरचा नंबर बघून तिने माझ्याकडे बघितलं.

"मम्मी, हा नाही सांगितला होता मी."

"तोच चांगला आहे," हे मध्ये पडले. "जुना खुंट. मी पारखून घेतलाय."

"पप्पा, याच्यावर माझा प्रोसेसर चालणार नाही."

"दुकानदार म्हणाला बसतो."

"बसतो, पण..."

"मग बसवून तर बघ."

तिने बसवला. नखं कापलेल्या बोटांनी इतका अलगद, की मला ती लहानपणी फुलपाखरं पकडायची ते आठवलं. मेमरी बसवली, कार्ड बसवलं, वायरी जोडल्या. बटण दाबलं. पंखा फिरला. ह्यांनी माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं. पण पडदा काळाच राहिला. पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. पंखा फिरतोय आणि पडदा काळा.

हे खुर्चीत मागे टेकले. त्यांना पोरीने सांगून जे कळलं नव्हतं ते पंख्याने सांगितलं असावं. "मोहावर बांधलं आपण," ते म्हणाले. मोह रायणीच्याच घराण्यातला. कोणी कोणी त्याच्यावरही चिकू बांधून बघतात. कलम बसतं, हिरवं दिसतं, आणि मग काही होत नाही. "माझी चूक. पोरी, माझी चूक."

तिला रडू येत होतं, पण पप्पांचा चेहरा बघून तिने ते गिळलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे पप्पा. सॉरी. मला वाटलं होतं दिवाळीत तुमचा ट्रक चालू करून द्यायचा."

"माझा कुठला ट्रक?"

"पप्पा, आता बस ना. मला सगळं माहीत आहे. वर्षभर माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही दुपारी खेळता ते! मला पुण्यात दिसायचं!"

"मी? दुपारी मी शेडवर असतो गं. वजनकाट्यापाशी. विचार कोणालाही."

ती आता चिडली. "पप्पा, यात लाजण्यासारखं काय आहे? मी तुमच्यासाठी प्रोसेसर घेतला, सुट्टी घालवून. निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नका."

हे आयुष्यात तिच्याशी खोटं बोललेले नाहीत. लसीकरणाला नेतानासुद्धा सांगायचे, दुखेल. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. आपण नेमकं काय केलं ते आठवायचा ते प्रामाणिकपणे प्रयत्न करत होते. तो चेहरा मला बघवेना.

"गाडी मी चालवते," मी म्हटलं.

दोघं माझ्याकडे वळले.

"दुपारी मी खेळते. चिप्सचा व्हिडिओ मी एकदाही बघितलेला नाही. बोर्ड चुकीचा आहे हे मला दुकानात माहीत होतं. आणि तिथे रेंज होती."

एवढी चार वाक्यं सलग बोलल्यावर मला दम लागला. हॉलमध्ये फक्त तो पंखा फिरत होता.

मुलगी म्हणाली, "तू बर्फात ट्रेलर लावायचीस? ती मोठी खेप तू पोचवलीस? अगं मी माझ्या मैत्रिणींना..." आणि मटकन खाली बसली. हसावं की ओरडावं हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून तिने दोन्ही केलं.

हे म्हणाले, "वेवजीला कुंपणात घातलीस, ते..."

"ट्रेलरला उलटं वळवतात."

"हं." त्यांनी रिकामा खोका उचलून कडेला ठेवला. "कलम कोणतं आहे तेच सांगितलं नाहीस. मग मी खुंट कसा निवडायचा?"

त्यांनी ट्रकचं काही मनावर घेतलं नाही, हे मला दिसत होतं. दुखलं दुसरंच. जरा वेळाने ते हळूच म्हणाले, "मी ते चिप्स सगळे खाल्ले." हे वाक्य आजही मला दुपारी मधूनच आठवतं, आणि मी ब्रेक दाबते.

भाऊबीज झाल्यावर आम्ही तिघं पुन्हा वापीला गेलो. दुकानदार खोका बघून गयावया करायला लागला, खोललेला माल कसा घेऊ शेठ, दिवाळी छे. आणि सवयीने ह्यांच्याशीच बोलत राहिला. हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला नका सांगू. गाडी ह्यांची आहे."

मग मी बोलले. काउंटरला धरून. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, हे मी म्हटलं होतं आणि त्याने ऐकूनही बसी जशे म्हणून सांगितलं होतं, हे मी त्याच्या नोकरांसमोर म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला, पण बदलून द्यायला तयार झाला. तीनशेचे दोन बोर्ड काढले. एक मोठा, चार मेमरीचा, दोन कार्डांचा, कडेने लाल दिवे. एक लहान.

"मोठा घे मम्मी," मुलगी म्हणाली. "पुढे वाढवता येईल."

"मोठाच घे," हे म्हणाले. ह्यांची आता नव्या जातीवरही श्रद्धा बसली होती.

"मला लहान पाहिजे," मी म्हटलं. "मला एकच ट्रक चालवायचाय. पावसात आणि अंधारात नीट दिसला पाहिजे, आणि तिन्ही आरशांतलं स्पष्ट दिसलं पाहिजे. लाल दिवे नकोत. माझ्या डोळ्यांना त्रास होतो."

दोघांनी आणखी दोनदा सांगून बघितलं. मी लहानच घेतला.

परत येताना मुलगी मागच्या मोकळ्या क्रेटमध्ये पाय घालून गाणी ऐकत बसली होती. मी पुढे, मांडीवर खोका. भिलाड मागे पडलं. एकदा तोंड उघडलं की ते लगेच बंद होत नाही, हे मला तेव्हा कळलं. आत काहीतरी सैल झालं होतं आणि टेम्पोच्या हादऱ्यांबरोबर वर वर येत होतं.

"अहो," मी म्हटलं.

"हं?"

"मला चिकू आवडत नाही."

ह्यांनी टेम्पो बाजूला घेतला. व्यवस्थित, आरशात बघून. गिअर काढला, हँडब्रेक लावला, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

शेजारून एक मोठा ट्रेलर गेला आणि आमचा टेम्पो हलला. ह्यांनी तो पार दिसेनासा होईपर्यंत वाट बघितली.

"आणखी काही आहे?" ते म्हणाले. "असलं तर आत्ताच सांग. गाडी थांबलेलीच आहे."